अदमासाचे गाव

गेल्या मे महिन्यात पुण्याहून आलेल्या नातवाने आमच्या अरेरा कॉलनीतल्या घरी संगणकावर विमान उडवले. "आजोबा, बसा इथे. तुम्हाला भोपाळ दाखवतो," म्हणाला. ज्या गावात जन्म काढला ते गाव नातवाने दाखवायचे! पण बसलो. राजा भोज विमानतळावरून विमान उठले, मोठा तलाव चमकला, टेकड्या आपापल्या जागी दिसल्या. मन हरखले. विमान खाली आले तसा मी आमचे घर शोधू लागलो. त्या जागी घर होते, आमचे नव्हते.

कोणता खेळ ते महत्त्वाचे नाही. या नव्या खेळांची रीत आता साधारण एकच आहे, आणि परीक्षण करायचे ते त्या रीतीचे. १९७९ साली ब्रूस आर्टविक यांनी घरगुती संगणकावर पहिले विमान उडवले तेव्हा खालची जमीन म्हणजे चार रेघा होत्या. त्या रेघांना कोणी जमीन समजत नसे. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला आणि त्यात अवघी पृथ्वीच उभी राहिली. काही निवडक शहरे अनेक कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून घडवलेली. बाकीचे जग नियमांनी रचलेले. आकाशातून घेतलेल्या चित्रात यंत्र छपराची कड ओळखते, उंचीचा अदमास घेते आणि साठ्यातल्या भिंती-खिडक्या लावून टाकते. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या एका कंपनीने अशा सुमारे दीडशे कोटी इमारती उभ्या केल्या.

हे काम थोर आहे यात शंका नाही. हाताने एवढी घरे काढायला किती पिढ्या लागल्या असत्या? शिवाय वैमानिकाला हवी असते धावपट्टी, क्षितिज आणि डोंगराची उंची. कोणाच्या दारात प्राजक्त आहे याच्याशी त्याला काय कर्तव्य!

चुका तर होणारच. मेलबर्नच्या एका बैठ्या वस्तीत त्या खेळात एकदम सुळक्यासारखा मनोरा उभा राहिला. कोणा विद्यार्थ्याने खुल्या नकाशात २ मजल्यांऐवजी २१२ लिहिले होते. जग हसले. पण माझी तक्रार अशा चुकीबद्दल नाही. तो मनोरा निदान स्वतःच ओरडून सांगतो की मी खोटा आहे. आमच्या जागचे घर तसे सांगत नाही. ते शक्य कोटीतले आहे, शेजाऱ्यांत खपून जाते. माहीत असलेले आणि अदमासाने भरलेले एकाच रंगात रंगवायचे, हा या रीतीचा खरा दोष.

साहित्याच्या वाचकाला हा दोष ओळखीचा वाटेल. खेडे न पाहिलेला लेखक ग्रामकथा लिहितो तेव्हा वड, पार, विहीर, पाटील सगळे जागच्या जागी असते. चूक काढता येत नाही, आणि गावही सापडत नाही. आमच्या भोपाळचे भारत भवन घ्या. चार्ल्स कोरियांची ही १९८२ सालची वास्तू उतारात खाली उतरत जाते. वरून पाहणाऱ्याला गच्च्या दिसतील. पायऱ्या उतरल्यावर चौकात जी सावली भेटते ती छपराच्या कडेवरून कशी कळणार?

याच मुलखात एकेकाळी वेगळी रीत होती. देश मोजत उत्तरेकडे निघालेले विल्यम लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारले. पुढे एव्हरेस्ट यांनी ते काम भोपाळच्या उत्तरेला सिरोंजपर्यंत आणले आणि तिथे पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली; समाधान झाले नाही म्हणून काही वर्षांनी पुन्हा मोजली. त्यांचा हेतू साम्राज्याचा होता हे खरे, पण मोजल्याशिवाय लिहायचे नाही ही शिस्तही खरी.

सीमेवरच्या वाचकांना हे अधिक समजेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ इकडून तिकडे गेला, आणि माझे वडील सरकारी नोकरीपायी नागपूरहून या नव्या राजधानीत आले. वरून पाहणाऱ्याला रेघ दिसते, माणसे दिसत नाहीत. आमच्या घराची भाषा तर कुठल्याच छपरावर लिहिलेली नाही.

मी नातवाला एवढेच म्हणालो, "बाळा, हे आपले घर नाही." तो म्हणाला, "आजोबा, यात आपण आपली इमारत करून घालू शकतो. पण मापे लागतील."

ऊन उतरल्यावर आम्ही टेप घेऊन बाहेर आलो. ओट्यापासून सुरुवात केली. एक टोक त्याने धरले, एक मी.