दंतवैद्यकातील डिजिटल क्ष-किरण चित्रण : राळेगणसिद्धीच्या निकषांवर एक चिकित्सा

प्रस्तावना

दंतवैद्यकातील नव्या उपकरणांविषयीचे लेखन बहुधा उपकरणाच्या गुणवर्णनातच संपते. डिजिटल क्ष-किरण चित्रणाच्या बाबतीतही तेच घडले आहे. प्रतिमा तत्काळ दिसते, अंधारखोली लागत नाही, प्रारण म्हणजेच रेडिएशन कमी लागते, हे तीन लाभ सर्वत्र सांगितले जातात. ते खरे आहेत; परंतु ते कोणत्या अटींवर खरे ठरतात, याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ही चिकित्सा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावाच्या अनुभवातून मिळणाऱ्या निकषांवर केली आहे. पाण्याची जपणूक, उपभोगावरील संयम आणि माहितीवरील अधिकार हे ते तीन निकष होत. ग्रामीण भागात दवाखाना चालविणाऱ्या दंतवैद्यास ते परके वाटू नयेत.

तंत्राची वाटचाल

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला. जानेवारी १८९६ मध्ये जर्मन दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना सुमारे २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. अमेरिकेत या तंत्राचा पाया घालणारे एडमंड केल्स यांना पुढे हातांच्या कर्करोगामुळे बोटे आणि अखेर हातही गमवावा लागला. दंतवैद्यकीय क्ष-किरणांचा पुढील इतिहास मुख्यतः मात्रा कमी करण्याचा इतिहास आहे. १९८७ मध्ये फ्रान्सचे फ्रान्सिस मुयाँ यांची रेडिओव्हिजिओग्राफी ही प्रणाली पुढे आली. आपल्याकडील दवाखान्यांत ‘आरव्हीजी’ हा शब्द रूढ झाला तो तिच्यावरूनच. आज दोन पद्धती प्रचलित आहेत : तोंडात ठेवण्याचा, संगणकाला जोडलेला सेन्सर आणि फिल्मसारखी पातळ, नंतर स्कॅनरमधून वाचली जाणारी फॉस्फर प्लेट.

पहिला निकष : पाणी

राळेगणसिद्धी पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे नालाबांध, पाझर तलाव आणि समतल चर यांच्या साहाय्याने भूजलाचे पुनर्भरण झाले. अशा गावात दवाखान्याच्या मोरीतून काय वाहते, हा प्रश्न गौण राहत नाही. फिल्म धुताना डेव्हलपर व फिक्सर ही रसायने वापरावी लागतात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदीची संयुगे उतरतात आणि फिल्मच्या पाकिटात शिशाचा पत्रा असतो. डिजिटल पद्धतीत हे दोन्ही टळतात. एका दवाखान्यापुरते पाण्याचे प्रमाण अल्प असले, तरी भूजलावर जगणाऱ्या गावाच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. मात्र निकामी सेन्सर व संगणक हा ई-कचरा असून त्याची विल्हेवाट अधिकृत यंत्रणेमार्फतच लावली पाहिजे.

दुसरा निकष : संयम

नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही राळेगणची पंचसूत्री सर्वपरिचित आहे. यांतील चार सूत्रे ‘बंदी’ची आहेत, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. झाडे लावणे पुरेसे नाही, चराई आवरली नाही तर लागवड टिकत नाही, असा तो अनुभव आहे. डिजिटल चित्रणाला हाच न्याय लागू पडतो. एका चित्राची मात्रा जुन्या फिल्मच्या तुलनेत निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. परंतु चित्र काढणे सोपे झाले की चित्रांची संख्या वाढते. कठीण, जाड सेन्सर दाढेमागे नीट बसत नाही, लहान मुलांना उमासे येतात, चित्र हुकते आणि ते लगेच पुन्हा काढले जाते. नेदरलँड्समधील दंतवैद्यांची २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी हेच सुचवते : डिजिटल पद्धत वापरणारे अधिक चित्रे काढत होते, त्यामुळे मात्रेतील बचतीचा काही भाग खर्ची पडत होता.

याहून सूक्ष्म दोष फॉस्फर प्लेटचा आहे. फिल्मवर किरणांची मात्रा जास्त झाली तर ती काळी पडे आणि चूक डोळ्यांना दिसे. प्लेटवर मात्रा जास्त झाली तरी संगणक प्रतिमा सुबक करून दाखवितो. चूक झाकली जाते, रुग्णाला मिळालेली अधिक मात्रा मात्र कायम राहते. फिल्म आपल्या वापरणाऱ्याला जी शिस्त लावीत असे, ती आता दंतवैद्याने स्वतःच स्वतःला लावून घ्यावी लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार यंत्राची नोंदणी आवश्यक आहे. परंतु नोंदणी म्हणजे संयम नव्हे.

आणखी एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. तंबाखूमुळे तोंडात उमटणारे पांढरे चट्टे, तोंड कमी उघडणे, न भरणारी जखम ही कर्करोगाची पूर्वचिन्हे दातांच्या क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत. ती दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी पाहावी आणि बोटांनी चाचपावी लागतात. पडद्यावरील प्रतिमेने ही तपासणी मागे पडणे हा तंत्राचा नव्हे, वापराचा दोष होय.

तिसरा निकष : माहिती

माहिती अधिकाराच्या चळवळीत राळेगणसिद्धीचे स्थान मोठे आहे. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि केंद्रीय कायदा २००५ मध्ये. हे कायदे सार्वजनिक प्राधिकरणांना लागू आहेत, खासगी दवाखान्यांना नाहीत. तथापि, त्यांच्यामागील तत्त्व दवाखान्यातही विचारात घेण्यासारखे आहे. फिल्म ही वस्तू होती; ती पाकिटात घालून रुग्णाच्या हाती देता येई. डिजिटल प्रतिमा दवाखान्याच्या संगणकात राहते, कधी विशिष्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडते. पारनेरहून पुण्याला गेलेल्या रुग्णाजवळ ती नसेल, तर तेथे पुन्हा चित्र, पुन्हा खर्च, पुन्हा मात्रा असा फेरा सुरू होतो. अशा वेळी किरणांची बचत करणारे तंत्रच त्यांची पुनरावृत्ती घडवून आणते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी डॉक्टरांना मागणीनंतर ७२ तासांत रुग्णास वैद्यकीय नोंदी देण्याचे बंधन घातले. दंतवैद्यकातही प्रतिमेची प्रत न मागता देण्याचा प्रघात पडला पाहिजे.

निष्कर्ष

वरील तीन निकषांपैकी पहिल्यावर डिजिटल क्ष-किरण चित्रण स्वतःच्या गुणावर उतरते. उरलेल्या दोहोंवर ते दंतवैद्याच्या आचरणावर अवलंबून राहते. म्हणून यंत्रखरेदीबरोबर चार गोष्टी अनिवार्य मानाव्यात : प्रत्येक चित्राचे कारण केसपेपरवर नोंदविणे, वय व दाताच्या स्थानानुसार मात्रेचा तक्ता यंत्राजवळ लावणे, पुन्हा काढलेल्या चित्रांची मासिक मोजणी ठेवणे, आणि कोठेही उघडेल अशा स्वरूपात प्रतिमेची प्रत रुग्णास देणे. याच जिल्ह्यातील लोणी येथे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. अशा संस्थांच्या शिक्षणक्रमात यंत्र चालविण्याच्या कौशल्याबरोबर या चार सवयींना स्थान मिळाले, तर त्यांचा लाभ खेड्यातील रुग्णापर्यंत पोहोचेल.