ख्रिस्ती दृष्टांतांचा अर्थनिर्णय आणि मराठी ‘दृष्टांतपाठ’

फादर स्टीफन्स यानें १६१६ सालीं गोमंतकांत रायतूर येथें छापविलेल्या क्रिस्तपुराणाचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या बहुतेक इतिहासांत येतो. पण तो मुख्यतः मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्यांपुरता. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं १८११ सालीं छापलेला नवा करार मुद्रणकलेच्या प्रकरणांत येतो. या ग्रंथांनीं मराठींत आणलेल्या आशयाचा, आणि मराठी शब्दांनीं त्या आशयाला दिलेल्या वळणाचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखांत त्यांपैकीं एकाच प्रश्नाचा ऊहापोह करावयाचा आहे. येशूच्या ज्या लहान कथांस ग्रीक भाषेंत ‘पॅराबोली’ म्हणतात, त्यांचा अर्थ कोणत्या रीतीनें लावावा, आणि ती रीत मराठी वाचकास स्वतःच्या परंपरेंत सांपडते कीं काय, हा तो प्रश्न होय.

(१) प्रथम शब्दाचा विचार करूं. ‘पॅराबोली’ म्हणजे एका वस्तूच्या शेजारीं दुसरी ठेवणें. त्यामागील इब्री शब्द ‘माशाल’ याहून व्यापक आहे. म्हण, उपमा, कूट, उपरोधिक वचन हें सर्व त्यांत समाविष्ट होतें. मराठींत यासाठीं दृष्टांत, दाखला व बोधकथा असे तीन शब्द आढळतात. प्रचलित बायबलांत ‘दाखला’ हा शब्द रूढ आहे, आणि ‘दृष्टांत’ हा शब्द तेथें साक्षात्कार या अर्थीं योजिला आहे. देवानें स्वप्नांत येऊन दृष्टांत दिला असें आपण म्हणतों, तोच हा अर्थ. गोंधळ टाळण्यास ही विभागणी सोयीची आहे, यांत शंका नाहीं. परंतु दाखला म्हणजे पुरावा. जुने कागद चाळणाऱ्यास तो शब्द त्याच अर्थीं परिचित आहे, आणि आजच्या गृहस्थास तो कचेरींतून मिळणाऱ्या कागदाची आठवण करून देतो. पुरावा वाद मिटवितो. येशूच्या कथा बहुधा वाद उपस्थित करितात. अलीकडील सुलभ भाषांतरांतील ‘बोधकथा’ हा शब्द तर अधिकच दिशाभूल करणारा आहे. हितोपदेशाच्या संस्कारांत वाढलेला वाचक बोधकथा म्हटली कीं शेवटीं तात्पर्य शोधतो, आणि कथेंतील नायक अनुकरणीय असणार असें गृहीत धरितो.

संस्कृत शास्त्रांतील ‘दृष्टांत’ या शब्दाची व्याप्ति निराळी आहे. न्यायशास्त्राप्रमाणें, ज्या गोष्टीविषयीं सामान्य मनुष्य आणि परीक्षक या दोघांचीही बुद्धि एकसारखी असते ती दृष्टांत होय. अलंकारशास्त्रांत दोन वाक्यार्थांमधील बिंबप्रतिबिंबभावास दृष्टांत म्हणतात. दोन्हीं शास्त्रांस एक गोष्ट मान्य आहे : दृष्टांत एकटा उभा राहत नाहीं, तो कशासाठीं तरी दिलेला असतो. तें ‘कशासाठीं’ हरवलें कीं दृष्टांताला वाटेल तो अर्थ चिकटवितां येतो. ख्रिस्ती टीकेच्या इतिहासांत नेमकें हेंच घडलेलें दिसतें.

(२) या बाबतींत मराठीचें एक साधन अद्याप पुरेसें उपयोगांत आलेलें नाहीं. तेराव्या शतकांतील महानुभाव ग्रंथकार केशिराजबास यांनीं संकलित केलेल्या ‘दृष्टांतपाठां’त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाचे तीन अवयव : सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे प्रतिपाद्य वचन, दृष्टांत म्हणजे कथा, आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या कथेचें सूत्राशीं लावलेलें नातें. सूत्रें व दृष्टांत स्वामींचे आणि दार्ष्टांतिकें केशिराजांचीं, असें अभ्यासक मानतात. आंधळे व हत्ती यांची सर्वपरिचित कथा या ग्रंथांत आहे. पण सूत्राच्या सान्निध्यामुळें ती नुसती करमणुकीची गोष्ट राहत नाहीं, आणि हत्तीच्या प्रत्येक अवयवास मनास येईल तो गूढार्थ देण्याची सोयही उरत नाहीं. सांकेतिक लिपींत दडलेलें हें वाङ्मय महाराष्ट्रासमोर आणणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे हे अग्रणी होते. १८९३ सालीं ठाण्यांत मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणारे ते हेच. कळव्यासमोर खाडीच्या पैलतीरीं असलेलें हें ठाणें १७३७ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालीं होतें. ज्या गांवीं शुभवर्तमानाच्या कथा कित्येक पिढ्या ऐकिल्या गेल्या, त्याच गांवीं महानुभावांच्या पोथ्याही उलगडल्या गेल्या. परंतु दोहोंची गांठ कोणीं घातली नाहीं.

(३) आतां हें साधन लावून पाहूं. मार्काच्या चौथ्या अध्यायांत पेरणाऱ्याची कथा आहे. कांहीं बीं वाटेवर पडलें, कांहीं खडकाळीवर, कांहीं कांट्यांत. उरलेलें चांगल्या जमिनींत पडून तीसपट, साठपट, शंभरपट पीक आलें. पुढें त्याच अध्यायांत स्पष्टीकरण येतें : बीं म्हणजे वचन, पक्षी म्हणजे सैतान, कांटे म्हणजे संसाराची चिंता. ही रीत आपल्या भारुडाची आहे. तेथें प्रत्येक वस्तूस एकेक अर्थ नेमून दिलेला असतो. कथेचा रोख मात्र वेगळा दिसतो. तीनदां नुकसान होऊनही अखेर कापणी भरघोस होते, हा तिचा झोंक आहे. स्पष्टीकरणाचें सारें लक्ष जमिनींच्या प्रकारांवर आहे.

जर्मन पंडित यूलिखर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि पुढें डॉड व यिरेमियास यांनीं विसाव्या शतकांत असें प्रतिपादिलें कीं, हें स्पष्टीकरण येशूचें नसून आद्य ख्रिस्ती मंडळींचें असावें. १९४५ सालीं मिसर देशांत नाग हम्मादी येथें सांपडलेल्या ‘थोमाच्या शुभवर्तमानां’त ही कथा आहे, पण स्पष्टीकरण नाहीं. तेवढ्यानें वाद निकालांत निघत नाहीं. कथा व स्पष्टीकरण एकमेकांवांचून राहूं शकतात, इतकें मात्र दिसतें. दृष्टांतपाठाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर येथें दृष्टांत एकाचा आणि दार्ष्टांतिक दुसऱ्याचें आहे. मराठी वाचकास यांत धक्का बसण्याचें कारण नाहीं. केशिराजांचें दार्ष्टांतिक केशिराजांचें म्हणून महानुभावांस तें त्याज्य झालें नाहीं. तें कोणाचें हें ठाऊक असणें एवढेंच आवश्यक आहे.

याच अध्यायांत, बाहेरच्यांना कळूं नये ‘म्हणून’ दृष्टांत दिले जातात, अशा आशयाचें एक कठोर वाक्य आहे. मार्काच्या ग्रीक पाठांत येथें प्रयोजनवाचक अव्यय आहे. मत्तयानें त्या जागीं कारणवाचक अव्यय घातलें आहे, म्हणजे त्यांना कळत नाहीं ‘यास्तव’ दृष्टांत दिले जातात. हेतु आणि प्रयोजन यांतील हा भेद व्याकरण शिकलेल्यास क्षुल्लक वाटणार नाहीं. मराठी ‘म्हणून’ दोन्हीं अर्थ पोटांत घेतो. यास्तव भाषांतरकारानें येथें विशेष जपावें.

(४) लूकाच्या दहाव्या अध्यायांतील शोमरोन्याची कथा याच्या उलट आहे. तींत तिन्ही अवयव उपलब्ध आहेत. शेजाऱ्यावर प्रीति करावी हें सूत्र. माझा शेजारी कोण, ही शास्त्र्याची शंका. लुटारूंनीं घायाळ केलेला वाटसरू, टाळून जाणारे याजक व लेवी, आणि थांबणारा शोमरोनी हा दृष्टांत. आणि शेवटीं त्या तिघांपैकीं शेजारी कोण झाला, या प्रतिप्रश्नांत दार्ष्टांतिक. असें असतां आगस्तिनानें वाटसरूस आदाम, शोमरोन्यास ख्रिस्त, धर्मशाळेस ख्रिस्तमंडळी व धर्मशाळेच्या रक्षकास पौल ठरविलें. अर्थ भक्तिपूर्ण आहे. पण ‘शेजारी कोण’ हा प्रश्न त्यांत कोठेंच उरत नाहीं. सूत्र सुटल्यावर काय होतें याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

सोळाव्या अध्यायांतील अन्यायी कारभारी ‘बोधकथा’ या नांवास पुरता उघडा पाडतो. कामावरून निघण्याची वेळ येतांच तो धन्याच्या कुळांस बोलावून शंभर मापें तेलाच्या जागीं पन्नास आणि शंभर मापें गव्हाच्या जागीं ऐंशीं लिहावयास सांगतो, आणि धनी त्याची प्रशंसा करितो! बोधकथा म्हणून वाचल्यास हें लबाडीचें समर्थन ठरेल. दृष्टांत म्हणून वाचल्यास साम्य एकाच धर्मापुरतें आहे : संकट दारीं येतांच त्यानें विलंब केला नाहीं. मुख चंद्रासारखें म्हटल्यानें मुखावर कलंक येत नाहीं, हें काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावें लागत नाहीं. कथेनंतर लूकानें धनाविषयींचीं जीं वचनें जोडलीं आहेत, तीं डॉड यांस तीन निरनिराळ्या प्रवचनांच्या टिपणांसारखीं वाटलीं. एका दृष्टांतास अनेक दार्ष्टांतिकें जडलीं, असें आपण म्हणूं.

(५) यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, एका पंथाची चौकट दुसऱ्या धर्माच्या ग्रंथावर लादणें योग्य नव्हे. येथें प्रभावाचा दावा मुळींच नाहीं. केवळ थर वेगळे करण्याची रीत घेतली आहे, आणि हेंच काम युरोपीय पंडित स्वतंत्रपणें करीत आले आहेत. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. सर्वच कथांत साम्य एकाच धर्मापुरतें असतें असें नाहीं. मार्काच्या बाराव्या अध्यायांतील द्राक्षमळ्याच्या कथेमागें यशयाचें जुनें रूपक उभें आहे. मळा म्हणजे इस्राएल हें ऐकणाऱ्यांस सांगावें लागलें नसावें. तेव्हां यूलिखर यांचा ‘एक दृष्टांत, एक मुद्दा’ हा नियम सरसकट लावणें ‘माशाल’च्या व्याप्तीशीं जुळत नाहीं. जेथें रूपक आहे तेथें रूपक मानावें. मात्र तें श्रोत्यांच्या परंपरेंत होतें कीं नाहीं, हें आधीं पहावें.

एकंदरींत आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्रत्येक कथेपाशीं तीन प्रश्न विचारावे : ती कोणत्या शंकेसाठीं सांगितली, साम्य नेमकें कोठें आहे, आणि दिलेला अर्थ कोणाचा आहे. या कथांची अभ्यासोपयोगी मराठी आवृत्ति निघाल्यास तींत प्रसंग, दृष्टांत व दार्ष्टांतिक हे भाग पृथक् छापावे, आणि ‘दृष्टांत’ हा शब्द त्याच्या शास्त्रीय अर्थानें पुन्हा योजावा. असें झाल्यास ख्रिस्ती वाचकास आपले ग्रंथ अधिक नेमकेपणानें वाचतां येतील, आणि इतरांस दृष्टांतपाठाचें महत्त्व केवळ जुन्या भाषेच्या नमुन्यापुरतें नाहीं, हें कळून येईल.