प्रवाही द्रवातील एकटा बहुवारिक रेणू : सरासरीच्या मर्यादा

बहुवारिकाची लांब साखळी शांत द्रवात गुंडाळीच्या रूपात असते. ताणणाऱ्या प्रवाहाचा दर विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की ती एकाएकी उलगडते, असे पिएर-जिल द जेन यांनी १९७४ मध्ये प्रतिपादन केले. त्यानंतर दोन दशके याची पडताळणी प्रामुख्याने असंख्य रेणूंच्या सरासरी मापनावरच विसंबून राहिली.

१९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील पर्किन्स, स्मिथ व चू यांनी लॅम्डा विषाणूच्या डीएनएचे रेणू प्रतिदीप्त रंगाने उजळवून एकेक न्याहाळले. रेणू एकसारखे, प्रवाहही तोच. तरी कोणी डंबेलसारखा ताणला गेला, कोणी मधोमध दुमडला, तर कोणी बराच काळ गुंडाळीतच राहिला. द जेन यांनी यास ‘रेणवीय व्यक्तिवाद’ म्हटले. संज्ञा आकर्षक, परंतु काहीशी फसवी आहे. कारण हा भेद रेणूच्या स्वभावाचा नसून प्रवाहात शिरतेवेळी ब्राउनीय गतीने त्यास दिलेल्या आकाराचा आहे.

अधिक गंभीर आक्षेप डीएनएच्या निवडीवर घेता येतो. कृत्रिम बहुवारिकांच्या तुलनेत डीएनए बराच ताठ असतो. लॅम्डा डीएनएमध्ये स्वतंत्रपणे वळू शकणारे खंड जेमतेम दीडशे-दोनशे भरतात. त्यामुळे लांब, लवचिक साखळीचे सर्व गुणधर्म त्यात दिसावेत, ही अपेक्षाच अवाजवी ठरते. एकाच प्रवाहदरात रेणू पूर्वेतिहासानुसार गुंडाळलेला वा ताणलेला राहू शकतो, हे १९७४ चे दुसरे भाकीत श्रोडर व सहकाऱ्यांना २००३ मध्ये प्रत्यक्ष दिसले, ते मिलिमीटरहून लांब अशा जीवाणूच्या डीएनएवर.