मधल्या वर्षांचा हिशेब

जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन' या कादंबरीत अगदी शेवटी एक छोटासा प्रश्न येतो. ॲन एलियटनं ठरलेलं लग्न मोडलं, त्यानंतर दोनच वर्षांत फ्रेडरिक वेन्टवर्थच्या गाठीला थोडा पैसा आला होता, हाती जहाज आलं होतं. तेव्हा आपण पत्र पाठवलं असतं तर तिनं होकार दिला असता का, हे तो तिला विचारतो. पण विचारतो आठ वर्षांनी. तिचं उत्तर ऐकल्यावर त्याच्या लक्षात येतं की पुढची सहा वर्षं फुकट गेली आणि ती तिच्या घरच्यांमुळे गेली नाहीत. ती त्याच्या स्वतःच्या ताठ्यापायी गेली. तोवर सगळा दोष तिच्या पदरात टाकून तो मोकळा झाला होता.

१८१७च्या डिसेंबरात, लेखिकेच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, ही कादंबरी बाहेर आली. दुरावलेल्या दोघांनी पुन्हा जवळ येण्याच्या कथा आज इंग्रजीत ढिगानं लिहिल्या जातात, आणि त्यांची पारख करायला दोनशे वर्षांनीही मला हीच कादंबरी लागते. कारण तिच्यात मधल्या वर्षांचा हिशेब चोख आहे. कोणी काय गमावलं, कोणामुळे गमावलं आणि आता त्यातलं काय परत येणार नाही, हे ऑस्टिन पुनर्मीलनाच्या आनंदातही विसरत नाही. ॲन तर आणखी पुढे जाते. लग्न मोडण्याचा लेडी रसेलचा सल्ला चुकीचा होता, पण त्या वयात तो मानणं माझ्या दृष्टीनं बरोबरच होतं, असं ती ठामपणे सांगते. प्रेम परत मिळालं म्हणून आपल्या जुन्या निर्णयाबद्दल ती माफी मागत बसत नाही.

या कादंबरीचा शेवट ऑस्टिननं आधी वेगळा लिहिला होता. रद्द केलेल्या त्या दोन प्रकरणांचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. पहिल्या खर्ड्यात वेन्टवर्थ ॲनचं दुसऱ्याशी लग्न ठरल्याच्या बातमीची खातरजमा करायला येतो आणि गाठ पडते. हे ऑस्टिनला पसंत पडलं नाही. नव्या खर्ड्यात ॲन तिसऱ्याच माणसाशी बोलत असते, पुरुष आणि बाई यांतलं कोण जास्त काळ प्रेम धरून ठेवतं यावर. वेन्टवर्थ जवळच्या टेबलाशी लिहीत बसलेला असतो आणि तिचं बोलणं त्याच्या कानावर पडतं. म्हणजे आठ वर्षांत तिच्यावर काय गुजरलं ते त्याला आधी ऐकावं लागतं, मग त्याच्या हातून पत्र लिहिलं जातं. दुसरी संधी मिळण्याआधी ऐकून घेणं आलं. आजच्या किती कादंबऱ्या ही अट पाळतात, हा माझा प्रश्न आहे.

प्रणयकादंबरीच्या बाजारात दुसऱ्या संधीची ही कथा बरीच उशिरा रुळली. मिल्स अँड बून ही लंडनची संस्था १९०८ची, कॅनडातली हार्लेक्विन १९४९ची. १९७१ मध्ये दुसरीनं पहिली विकत घेतली आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्या नायिका बहुतेक विशीतल्या आणि पहिल्यांदाच प्रेमात पडणाऱ्या असत. आपल्याकडच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून ज्यांनी ती पुस्तकं वाचली, त्यांना हा साचा तोंडपाठ असेल. दरम्यान अमेरिकेत कायदा बदलत होता. कॅलिफोर्नियानं १९६९ मध्ये कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट घेण्याची मुभा दिली, पाठोपाठ इतर राज्यांनी दिली, आणि तिशी-पस्तिशीतल्या घटस्फोटित बायका हा मोठा वाचकवर्ग तयार झाला. १९८१ मध्ये जोव्ह या प्रकाशनानं 'सेकंड चान्स ॲट लव्ह' नावाची मालिकाच काढली. तिच्या नायिका घटस्फोटित किंवा विधवा असत, त्यांना संसार म्हणजे काय ते ठाऊक असे. समाजात एक दार उघडलं की लोकप्रिय कादंबरी तिथे पोचतेच, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

समीक्षकांनीही या प्रकाराकडे लक्ष दिलं. जॅनिस रॅडवेनं १९८४ मध्ये 'रीडिंग द रोमान्स' लिहिताना थेट वाचक बायकांशी बोलून त्या ही पुस्तकं का वाचतात ते समजून घेतलं. पामेला रेजिसनं २००३ मध्ये प्रणयकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले. त्यांतला एक म्हणजे अडथळा: दोघांच्या मध्ये काहीतरी उभं असतं आणि ते दूर झालं की कथा संपते. दुसऱ्या संधीच्या कथेत मात्र हा अडथळा एकदा जिंकून बसलेला असतो. तो का जिंकला आणि आता का हरावा, हे लेखिकेला पटवून द्यावं लागतं, आणि बहुतेकजणी इथेच कमी पडतात.

केनेडी रायन कमी पडत नाही. 'बिफोर आय लेट गो' (२०२२) ही तिची कादंबरी माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली या प्रकारातली सर्वांत भक्कम आहे. यास्मेन आणि जोसाया वेड हे अटलांटातलं कृष्णवर्णीय जोडपं. दोघांचं मिळून एक रेस्टॉरंट आहे, दोन मुलं आहेत, घटस्फोट झालेला आहे. जोसायाला जिनं वाढवलं ती मावशी गेली आणि तिसरं मूल पोटातच गेलं. या दोन आघातांनंतर यास्मेन खोल नैराश्यात गेली आणि जोसाया कामात बुडाला. तिला अंथरुणातून उठवत नव्हतं. तो हॉटेलचं कर्ज आणि पगार यांच्याशी झुंजत होता. घटस्फोट तिनं मागितला. दोघांपैकी कोणीच वाईट वागलेलं नाही आणि तरी संसार मोडला, हे रायन इतक्या तपशिलानं उभं करते की वाचणाऱ्याला कोणाची बाजू घेता येत नाही.

शिवाय त्यांना एकमेकांपासून दूरही राहता येत नाही. रोज सकाळी मुलांना शाळेत कोणी सोडायचं, संध्याकाळी हॉटेलच्या गल्ल्यावर कोणी थांबायचं, याचं वेळापत्रक दोघांना मिळून लावावं लागतं. प्रेम परत येतं ते या व्यवहारातून. यास्मेन समुपदेशन आणि औषधं घेऊन बरी झालेली आहे. जोसायाला मात्र समुपदेशकासमोर बसणं हा कमीपणा वाटतो. तो अखेर तिथे जातो आणि मेलेल्या बाळाबद्दल पहिल्यांदा मोठ्यानं बोलतो, तो भाग मी पुन्हा काढून वाचला. तोवर त्यानं बायकोचं दुःख पाहिलं होतं, स्वतःचं पाहिलं नव्हतं. या कादंबरीतली खरी प्रगती तिथे आहे. पुढचे शृंगाराचे प्रसंग त्याच्या आधारावरच उभे राहतात. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरी लेखकांच्या संघटनेचा 'रीटा' पुरस्कार १९८२ पासून दिला जात होता आणि कृष्णवर्णीय लेखिकांना तो पहिल्यांदा मिळाला २०१९ मध्ये. त्या वर्षीच्या दोघींपैकी रायन एक. इतकी वर्षं त्या समाजातल्या प्रेमकथा बक्षीसपात्र ठरत नव्हत्या, ही त्या संघटनेला शोभणारी गोष्ट नव्हे.

टिया विल्यम्सची 'सेव्हन डेज इन जून' (२०२१) याच जातीची, पण जास्त चपळ. सतराव्या-अठराव्या वर्षी सात दिवस एकत्र काढलेले दोघे पंधरा वर्षांनी ब्रुकलिनमध्ये भेटतात. दोघेही आता लेखक आहेत आणि इतकी वर्षं आपापल्या पुस्तकांतून एकमेकांनाच लिहीत आले आहेत. कल्पना सुंदर आहे. तिला तोलून धरते ती नायिका ईव्हाची अर्धशिशी. डोकं फुटायची वेळ आलेली असताना मुलीचा डबा आणि कामाच्या तारखा सांभाळणारी ही बाई नुसती प्रेयसी उरत नाही.

दुसऱ्या संधीला लागूनच असलेल्या अनपेक्षित प्रेमाच्या कथांत लिंडा होम्सची 'एव्ही ड्रेक स्टार्ट्स ओव्हर' (२०१९) मला जवळची वाटते. एव्ही सामान भरून नवऱ्याला सोडून निघालेली असते आणि त्याच वेळी फोन येतो की त्याला अपघात झालाय. तो जातो. गावाच्या लेखी ती शोक करणारी विधवा. आपण निघालो होतो हे ती कोणालाच सांगू शकत नाही. तिच्या घरी भाड्यानं राहायला येतो तो बेसबॉलचा एक खेळाडू, ज्याच्या हातातून चेंडू नीट सुटणंच बंद झालंय आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही. इथे प्रेम दोघांना बरं करत नाही. एव्हीला शेवटी सत्य बोलावं लागतं आणि मदत घ्यावी लागते. हेलन होआंगच्या 'द किस कोशंट'नं (२०१८) स्वमग्न नायिकेला आणि टालिया हिबर्टच्या 'गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन'नं (२०१९) सततच्या शारीरिक वेदनेसह जगणाऱ्या नायिकेला प्रेमाचा पूर्ण हक्क दिला, तोही असाच: कोणालाही 'बरं' करून टाकण्याची लालूच न दाखवता.

मग सर्वाधिक चर्चेतल्या पुस्तकांचं काय? एमिली हेन्रीचे संवाद मला आवडतात, दोन माणसांची चढाओढ तिच्यासारखी आज फार थोड्यांना जमते. पण 'हॅपी प्लेस'मध्ये (२०२३) नायक विनच्या वडिलांचा मृत्यू, त्याचं खचणं, नायिका हॅरिएटचं डॉक्टरकीचं कष्टाचं प्रशिक्षण असा जड ऐवज जमवल्यावर ती प्रश्न सोडवते कसा? हॅरिएट शस्त्रक्रियेचं शिक्षण सोडून त्याच्या गावी जाते आणि मातीची भांडी घडवू लागते. तिचं मन त्या पेशात नव्हतं हे लेखिका सांगते, पण ते इतक्या उशिरा सांगते की सोय म्हणून सांगितल्यासारखं वाटतं. कार्ली फॉर्च्यूनच्या 'एव्हरी समर आफ्टर'मध्ये (२०२२) कॅनडातल्या तळ्याकाठचे सहा उन्हाळे फार मोहक आले आहेत. दुराव्याची बारा वर्षं मात्र जवळजवळ कोरी. एक गुपित शेवटपर्यंत राखून ठेवायचं, ते फोडायचं, रडायचं, क्षमा करायची. एक प्रकरण तेव्हाचं, एक आत्ताचं, ही मांडणी आता इतकी सर्रास झाली आहे की ती मधला काळ गाळण्याची युक्तीच होऊन बसली आहे. बारा वर्षं माणूस काय करतो? कोणाबरोबर जेवतो, कोणत्या शहरात एकटा आजारी पडतो? हे कळल्याशिवाय त्याची परत येण्याची किंमत मला कळत नाही.

कॉलीन हूवरबद्दल माझं मत दोन्हीकडे जातं. 'इट एंड्स विथ अस' (२०१६) समाजमाध्यमांमुळे काही वर्षांनी पुन्हा उसळून आली आणि २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. हात उगारणाऱ्या नवऱ्याला लिली पुन्हा पुन्हा संधी देते आणि मुलगी झाल्यावर थांबते. दुसरी संधी कोणाला द्यायची नाही, हे या प्रकारातल्या लाखो वाचकांपुढे तिनं ठेवलं, याचं श्रेय मोठं आहे. मात्र पहिला प्रियकर ॲटलस इतका निर्दोष रंगवलाय की लिलीच्या निर्णयातली अर्धी कठीणता त्यानं आधीच उचलून घेतलेली असते.

मुंबईत वाढलेल्या आणि अमेरिकेत लिहिणाऱ्या सोनाली देव यांनी 'रेसिपी फॉर पर्स्वेजन' (२०२०) मध्ये ऑस्टिनची कथा कॅलिफोर्नियातल्या राजे कुटुंबात नेली. ॲशना राजे वडिलांचं डबघाईला आलेलं रेस्टॉरंट सावरते आहे आणि टीव्हीवरच्या पाककलेच्या स्पर्धेत तिचा जोडीदार म्हणून येतो तिचा पहिला प्रियकर, आता नामवंत फुटबॉलपटू. प्रेमकथा ठाकठीक आहे. पुस्तकात जीव आहे तो ॲशना आणि तिची आई शोबी यांच्या दुराव्यात. आईचं लग्न तिच्या मनाविरुद्ध झालं होतं, हे मुलीला कळतं तेव्हा खरी दुसरी संधी त्या दोघींना मिळते. इतर लेखिकांनी दुर्लक्षिलेली ही वाट आहे.

मराठीत हा विषय कायद्याच्या भिंतीशी सुरू झाला. विभावरी शिरूरकरांच्या 'हिंदोळ्यावर'मध्ये (१९३४) नवऱ्यानं टाकलेल्या अचलाला दुसरं प्रेम भेटतं, पण लग्नाची वाट बंद. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ मध्ये, देशभर १९५५ मध्ये. पुढे गौरी देशपांडे यांच्या नायिका स्वतःच्या मर्जीनं निघाल्या, परतल्या, पुन्हा निघाल्या. मिलिंद बोकिलांच्या 'समुद्र'नं मुरलेल्या लग्नातच दोघांना नव्यानं समोरासमोर बसवलं. मधल्या वर्षांचा हिशेब या लेखकांकडे आहे, सुखान्तावर त्यांचा विश्वास नाही. आपल्या लोकप्रिय कादंबरीनं सुखान्त जपला आणि हिशेब सोडून दिला. हे दोन प्रवाह मराठीत एकत्र आलेच नाहीत, आणि मला त्याची खंत आहे. रायननं दाखवून दिलंय की ते एकत्र येऊ शकतात.

वयाचीही एक गोष्ट उरते. वर उल्लेख केलेल्या जवळजवळ सगळ्या नायिका चाळिशीच्या आतल्या आहेत. सोनाली देव यांनीच 'द व्हायब्रंट इयर्स' (२०२२) मध्ये पासष्ट वर्षांच्या बिंदूला मध्यभागी आणलं, पण असे प्रयत्न मोजकेच. मराठी दूरचित्रवाणीनं मात्र २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'अग्गंबाई सासूबाई' या मालिकेत विधवा आसावरीचं लग्न तिच्या सुनेच्या पुढाकारानं लावून दिलं आणि घराघरांत ते प्रेमानं पाहिलं गेलं. वाचक तयार आहे, हे यावरून कळतं. मालिकेच्या रोजच्या भागात जे मावत नव्हतं ते म्हणजे आसावरीची त्याआधीची वर्षं: तरुणपणी आलेलं वैधव्य, सासऱ्यांचा धाक, लाडावलेल्या मुलाच्या पुढेपुढे करण्यात गेलेले दिवस. ती वर्षं ओळीनं सांगणारी आणि तरीही शेवटी लग्नाच्या मांडवात घेऊन जाणारी तीनशे पानांची मराठी कादंबरी कोणी लिहिली, तर मी ती पहिल्या आठवड्यात विकत घेईन.