‘काय म्हणाला?’ : टीव्हीवरचं बोलणं आणि मागचं संगीत

आज आपण टीव्हीवरच्या चित्राविषयी नाही, आवाजाविषयी बोलू. उदाहरण घेऊ बीबीसीच्या ‘वंडर्स ऑफ द युनिव्हर्स’चं. मार्च २०११मध्ये पहिला भाग दाखवला गेला आणि तक्रारी आल्या, की संगीत इतकं मोठं आहे की ब्रायन कॉक्स काय सांगताहेत ते कळत नाही. बीबीसीने संगीत खाली आणलं. कॉक्स यांना ते रुचलं नाही; हा अनुभव सिनेमासारखा असायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला ते अर्धंच पटतं. आकाशगंगा पडद्यावर आहे, कुणी बोलत नाहीये, तेव्हा वाजू द्या की हवं तेवढं! पण एक माणूस अवघड कल्पना उलगडून सांगतोय आणि त्याच्या वाक्यावर वाद्यवृंद चढतोय, तर मग त्याला बोलायला लावलंच कशाला?

आता यात होतं काय, बघा. बोलण्यातले स्वर दणकट असतात, व्यंजनं नाजूक. आपल्या मराठीतले ‘ताट’ आणि ‘थाट’ घ्या. फरक आहे तो हवेच्या एका फुंकरीचा. मागे व्हायोलिनं सुरू झाली की आधी ती फुंकर बुडते. आवाज येतो, शब्द कळत नाही. उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, म्हणजे पुन्हा गदा व्यंजनांवरच. आजोबा म्हणतात, ‘आवाज वाढव रे’. पण रिमोटने संगीतही तेवढंच वाढतं.

मिक्सिंग करणाऱ्याचे कान तयार असतात, प्रश्न तो नाही. त्याने ते वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की अर्धं बुडालं तरी त्याला पुरतं ऐकू येतं. तेही शांत खोलीत, उत्तम स्पीकरवर. आपल्या घरी सपाट टीव्हीच्या पाठीमागे चिमुकले स्पीकर, डोक्यावर पंखा, आत कुकरच्या शिट्ट्या.

मोजमाप आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. युरोपीय प्रसारण संघाची २०१०ची ‘आर १२८’ शिफारस सांगते, की कार्यक्रमाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस ठेवा. जाहिरात लागली की दचकायला होतं, त्यावर हा चांगला उपाय. पण ही सरासरी सगळ्या मिश्रणाची. त्यात बोलणं किती आणि संगीत किती, हे तो आकडा सांगत नाही. आकडा बरोबर आणि वाक्य गायब, असं खुशाल होऊ शकतं.

तेव्हा आमचं मागणं एवढंच : तयार मिश्रण संहिता न वाचलेल्या माणसाला साध्या टीव्हीवर ऐकवा, आणि एकदाच. दुसऱ्यांदा ऐकवलंत तर तोही तुमच्यासारखाच ऐकायला लागेल.