‘एका रात्रीत’ बांधलेले देऊळ

इंग्रजीत ‘मिथ’ला ठरावीक क्रियापदे जोडली जातात: ‘एक्सप्लोड’, ‘डिस्पेल’. म्हणजे मिथक फोडायचे, घालवायचे. उल्हासनगर-बदलापूरकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी अंबरनाथच्या शिवमंदिराचे उदाहरण घेतो. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ हे इथले ठरलेले वाक्य. मंदिरातला शिलालेख मात्र शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा, त्यात शिलाहार राजा माम्वाणीचे (मुम्मुणीचे) नाव आहे. मिथक फुटले. पण प्रश्न सुटला काय? पांडवांच्या जागी राजा आला, एवढेच. काळा पाषाण फोडणारे, वाहणारे, घडवणारे दोन्हीकडे बेदखलच राहिले. ‘एका रात्रीत’ या शब्दांनी त्यांचे श्रम गिळले. ‘राजाने बांधले’ या शब्दांनीही तेच केले.

म्हणून आपल्या समीक्षेने नुसत्या फोडण्यावर समाधान मानू नये. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) वामनावताराचा चमत्कार झिडकारला, पण कथा टाकून दिली नाही, ती बळीच्या बाजूने वाचली. या वाचनातूनच शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा इतिहास मांडता आला. मिथक खरे की खोटे, एवढे विचारून प्रस्थापित पंडित थांबतात. ते कोणाचे श्रम लपवते आणि कोणाची सत्ता राखते, हे आपण विचारले पाहिजे.