संशयितांची छावणी : एका विज्ञानपटाची तीन रूपे

जुना गाजलेला चित्रपट पुन्हा काढायचा, किंवा त्याच्या कथेच्या आधीची कथा रचून तिचा वेगळा चित्रपट करायचा, हा हॉलिवूडचा जुनाच शिरस्ता आहे. विज्ञानपटांच्या बाबतीत तर तो फारच फोफावला. त्यावर समीक्षकांचा एक ठरलेला सूर असतो : कल्पनांचा दुष्काळ पडला आहे, निर्मात्यांना फक्त गल्ला दिसतो. हा आरोप खोटा नाही. पण त्याने प्रश्न सुटत नाही. कारण ज्या चित्रपटांना आज आपण अभिजात म्हणतो, त्यांतले काही स्वतःच जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या आहेत. मग एक आवृत्ती टिकते आणि दुसरी चार महिन्यांत विस्मरणात जाते, असे का व्हावे? पैसा तर दोघींच्याही मागे असतो. या सवालाचा विचार एकाच कथेच्या तीन चित्रपटांवरून करावा, असे मला वाटते.

मूळ कथा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची. ‘हू गोज देअर?’ ही त्यांची दीर्घकथा 1938 साली ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकी मासिकात टोपणनावाने छापून आली. अंटार्क्टिकातील एका संशोधन छावणीला बर्फाखाली गाडलेला परग्रहावरचा जीव सापडतो. तो ज्याला गिळतो त्याचे हुबेहूब रूप घेतो. आवाज तोच, आठवणी त्याच, सवयीही त्याच. बाहेर जीवघेणी थंडी आणि आत एका छपराखाली राहणारी माणसे. त्यांतला माणूस कोण आणि सोंग कोणते, हे ओळखायचे कसे? एवढीच ती कथा.

1951 साली हॉवर्ड हॉक्स यांनी निर्मिलेला ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक म्हणून नाव ख्रिश्चन नायबी यांचे होते. त्यात कथा उत्तर ध्रुवाकडे नेली आणि तिचा गाभाच काढून टाकला. इथला परग्रहवासी रूप बदलत नाही. तो धिप्पाड आहे, वनस्पतीच्या जातीचा आहे, रक्तावर जगतो आणि दिसताक्षणी ओळखू येतो. शत्रू बाहेरचा, आपण सारे आत. हवाई दलाचे जवान थट्टामस्करी करीत, खांद्याला खांदा लावून त्याला संपवतात. त्या जीवाशी बोलायला हवे, असे म्हणणारा शास्त्रज्ञ मूर्ख ठरतो. शेवटी एक पत्रकार जगाला बजावतो की आकाशावर नजर ठेवा. शीतयुद्ध ऐन भरात होते. त्या प्रेक्षकाला जो दिलासा हवा होता, तो या चित्रपटाने दिला. चित्रपट चुरचुरीत आहे, आजही कंटाळवाणा होत नाही. पण कॅम्पबेलचा प्रश्न त्याने विचारलाच नाही.

तो प्रश्न जॉन कार्पेंटर यांनी 1982 साली ‘द थिंग’मध्ये पुन्हा हाती घेतला. म्हणजे हा रिमेक असूनही मूळ कथेला पहिल्या चित्रपटापेक्षा अधिक इमान राखणारा. पटकथा बिल लँकेस्टर यांची, संगीत एन्यो मोरिकोने यांचे, आणि अंगावर काटा आणणारी ती विद्रूप शरीरे रॉब बॉटिन यांनी हाताने घडवलेली. चित्रपट आला तेव्हा मात्र त्याचे स्वागत झाले नाही. दोनच आठवड्यांपूर्वी स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’ने प्रेमळ परग्रहवासी दाखवून लोकांना जिंकले होते. कार्पेंटर यांचा चित्रपट किळसवाणा आणि निराशावादी म्हणून झिडकारला गेला. पुढे व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात प्रेक्षकांनी तो नव्याने शोधून काढला.

या चित्रपटाची सुरुवात आठवून पाहा. पांढऱ्याशुभ्र बर्फावरून एक कुत्रा धावतो आहे आणि हेलिकॉप्टरमधून एक माणूस त्याच्यावर गोळ्या झाडतो आहे. अमेरिकी छावणीजवळ हेलिकॉप्टर उतरते, स्फोटात जळते. बंदूकधारी जिवाच्या आकांताने काहीतरी ओरडतो. तो नॉर्वेचा आहे. हा कुत्रा नव्हे, त्याच्यापासून दूर व्हा, असे तो स्वतःच्या भाषेत सांगतो आहे. अमेरिकनांपैकी कोणालाही ती भाषा येत नाही. त्यांना तो वेडा वाटतो. त्याची गोळी एकाच्या पायाला चाटून जाते आणि छावणीप्रमुख त्याला ठार करतो. कुत्र्याला मात्र आत घेतले जाते. सावध करायला आलेला मेला आणि घातकी जीवाला आसरा मिळाला. का, तर एकाची भाषा परकी होती आणि दुसरा ओळखीचा दिसत होता. पुढे नायक मॅकरेडी त्या मृतांना स्वीडिश म्हणतो आणि सहकाऱ्याला त्याची चूक दुरुस्त करावी लागते. एवढ्याशा तपशिलातून कार्पेंटर किती सांगतात!

छावणीत बारा माणसे. प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय. मॅकरेडी सर्वांना बांधून रक्ताची परीक्षा घेतो : वाटीतल्या रक्तात तापलेली तार बुडवायची, रक्त सोंगाचे असेल तर ते जीव वाचवायला उसळेल. परीक्षा शास्त्रशुद्ध आहे, फळालाही येते. पण तिच्याआधी एक गोष्ट घडते. कुत्र्यांची देखभाल करणारा क्लार्क सर्वांच्या नजरेत आधीपासूनच संशयित. तो बांधून घ्यायला तयार नसतो, हत्यार उगारतो आणि मॅकरेडी त्याला गोळी घालतो. मग मेलेल्या क्लार्कचे रक्त तपासले जाते. ते माणसाचेच निघते. चाइल्ड्स मॅकरेडीला तिथल्या तिथे खुनी ठरवतो आणि त्यावर मॅकरेडीकडे उत्तर नसते. परीक्षा थांबत नाही, पुढच्याची वाटी समोर येते.

माझ्या मते चित्रपटाचे मर्म या प्रसंगात आहे. शत्रू खरा आहे, भीतीही खरी आहे, आणि तरीही निर्दोष माणूस मारला गेला तो खूनच, हे कार्पेंटर लपवत नाहीत. आपण आपले आहोत याचा पुरावा ज्याला कधी ना कधी मागितला गेला आहे, त्या वाचकाला क्लार्कचा राग समजावून सांगायची गरज नाही.

आता 2011 साल. त्याच नावाने ‘द थिंग’ पुन्हा आला, पण तो रिमेक नव्हे, प्रीक्वेल. दिग्दर्शक मॅथाइस व्हॅन हायनिंगेन (धाकटे). कथा त्या नॉर्वेजियन छावणीची. कल्पना किती मोलाची होती पाहा! ज्यांची भाषा कोणाला कळली नाही, त्या माणसांच्या बाजूने गोष्ट सांगण्याची संधी. निर्मात्यांनी नॉर्वेचे काही नट घेतले, इंग्रजी न येणारा लार्सही ठेवला. पण नायिका केली अमेरिकेहून आणलेली जीवाश्मशास्त्रज्ञ केट, आणि बहुतेक व्यवहार इंग्रजीत. नॉर्वेजियन माणसे स्वतःच्याच गोष्टीत पाहुणी झाली. 1982 मध्ये ज्यांचे ऐकले गेले नाही, त्यांचे 2011 मध्येही ऐकले गेले नाही.

दुसरी खोट परीक्षेची. केटच्या लक्षात येते की हा जीव धातूची नक्कल करू शकत नाही. म्हणून ती प्रत्येकाच्या तोंडात विजेरी मारून दातांतले भरण पाहते. ज्यांचे दातच धड आहेत किंवा भरण धातूचे नाही, ते संशयितांच्या रांगेत. ही युक्ती खरोखर चांगली आहे. ती माणूस सिद्ध करते, पण राक्षस सिद्ध करू शकत नाही. खूण नसणे हाच गुन्हा! यातून केवढे नाट्य उभे राहिले असते. पण चित्रपटाला ते पेलायचे नाही. त्यानंतरच्या झटापटीत माणसे हकनाक मरतात आणि कॅमेरा पुढच्या पाठलागाकडे वळतो. शेवटी केट ज्या सोबत्याला जाळते तो राक्षसच होता, अशी ग्वाही त्याची किंकाळी देते. क्लार्कसारखा सल तिच्या मनात राहत नाही.

तिसरी खोट प्रीक्वेलच्या जातीतच दडलेली. 1982 मध्ये मॅकरेडी जळक्या नॉर्वेजियन तळावर पोहोचतो, तेव्हा त्याला रुतलेली कुऱ्हाड, गळा चिरून घेतलेला गोठलेला माणूस आणि दोन चेहऱ्यांचे प्रेत दिसते. काय घडले असेल, याची कल्पना प्रेक्षकाने करायची आणि घाबरायचे. प्रीक्वेल मात्र हिशेबनीस होऊन एकेका नोंदीसमोर खूण करतो : ही कुऱ्हाड अशी रुतली, हे दोन चेहरे असे जुळले. हिशेब जुळतो आणि भीती संपते. अ‍ॅमलगमेटेड डायनॅमिक्स या संस्थेच्या कारागिरांनी घडवलेल्या प्रत्यक्ष आकृत्यांवर संगणकीय चित्रांचा थर चढवला गेला, हे तर त्या वृत्तीचे दर्शनी रूप.

याचा अर्थ प्रीक्वेल ही जातच टाकाऊ, असा नाही. त्याच 2011 साली रूपर्ट वायट यांचा ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ आला. 1968 च्या चित्रपटात माणूस वानरांचा कैदी होता. इथे पिंजऱ्यात वानर आहे आणि तो माणसाला पहिल्यांदा नकार देतो. जुने कोडे सोडवत बसण्यापेक्षा या चित्रपटाने बाजू बदलली आणि नवा प्रश्न विचारला. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’चेही तसेच. डॉन सीगल यांनी 1956 साली छोट्या गावातली भीती दाखवली. फिलिप कॉफमन यांनी 1978 साली ती सॅन फ्रान्सिस्कोसारख्या महानगरात नेली, जिथे शेजारी बदलला तरी कळत नाही. पण 2007 च्या ‘द इन्व्हेजन’ने अखेर औषध शोधून सर्वांना बरे केले आणि कथेतली हवा काढून घेतली.

तेव्हा कसोटी जुन्या-नव्याची नाही, खर्चाचीही नाही. नवा चित्रपट जुन्याचा प्रश्न पुढे नेतो, की त्याचे उत्तर देऊन तो मिटवतो, हे पाहावे. 1982 च्या ‘द थिंग’च्या शेवटी छावणी जळते आहे आणि मॅकरेडी व चाइल्ड्स बर्फात समोरासमोर बसले आहेत. दोघांपैकी कोण माणूस, दोघांनाही ठाऊक नाही. परीक्षेची साधने संपली आहेत. एक जण बाटली पुढे करतो, दुसरा ती घेतो. संशय फिटलेला नाही, तरी घोट वाटून घेतला जातो. चार दशकांनंतरही प्रेक्षक त्या दोघांविषयी वाद घालतात. केट बरोबर होती की चूक, याविषयी मात्र कोणाला वाद घालताना मी ऐकलेले नाही.